साडेतीन ओळींची कोरी जागा

मद्रासच्या विधानसभेत बारा वर्षांत मंत्री बदलले, पक्ष फुटले आणि जुळले, सभागृहसुद्धा जागा बदलत शेवटी बंदराजवळच्या किल्ल्यात आलं. पण मधल्या टेबलाशी खाली मान घालून लिहिणारे सेतुमाधवराव तसेच राहिले. ते सभागृहाचे रिपोर्टर होते. वर्तमानपत्राचे नव्हेत, सरकारी. सभासद जे बोलेल ते शॉर्टहॅण्डमध्ये शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. दहा मिनिटं झाली की पुढचा रिपोर्टर येऊन बसायचा, मग आपण उठून वरच्या खोलीत जायचं आणि लिहिलेलं टाइप करून काढायचं. तेच पुढे छापलं जाई आणि कायमचा पुरावा होऊन बसे. मंत्री झोपेत काय बोलतो ते त्याच्या बायकोला ठाऊक आणि सभागृहात काय बोलतो ते सेतुमाधवरावांना, असं रिपोर्टरांच्या खोलीत गमतीनं म्हणत.

या कामाची एक खोड आहे. ऐकलेलं समजून घ्यायला लागलात की हात मागे पडतो. मुरलेला रिपोर्टर कानात आलेलं थेट बोटांत सोडतो, वाटेत डोक्याला त्रास देत नाही. सेतुमाधवराव इतके मुरलेले होते, की दिवसभर दुष्काळावरची चर्चा लिहून घरी आल्यावर बायकोनं, कृष्णवेणीबाईंनी, "आज सभेंत काय झालं हो?" म्हणून विचारलं तर त्यांना खरोखरच सांगता येत नसे. "उद्यां पेपरांत वाच," म्हणायचे. जे लिहायचं राहिलं तिथे टिंबं घालून जागा कोरी सोडायची, असा खात्याचा नियम होता. बारा वर्षांत सेतुमाधवरावांच्या कागदावर एक टिंब पडलं नव्हतं आणि त्याचा त्यांना गर्व होता. गर्वाचं पुढे काय होतं ते सांगायला पुराणं समर्थ आहेत. मी आपलं १९५८ सालच्या मार्च महिन्यात काय झालं तेवढंच सांगतो.

सेतुमाधवराव तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज तिथल्या मराठा राजांच्या काळात दक्षिणेत उतरले ते उतरलेच. घरात बोलायची ती मराठी, पण ती तिथेच थांबून राहिलेली आणि वर तमिळची फोडणी बसलेली. बिऱ्हाड वेस्ट मांबलमला, स्टेशनपासून चालत सात मिनिटं, आणि डास इतके की पाहुणा दुसऱ्यांदा येत नसे. मुलगी एकच, तुळसी. वय चोवीस, अर्थशास्त्रात एम.ए., आणि आता तीन वर्षं विद्यापीठात विशालाक्षी नावाच्या प्राध्यापिकेच्या हाताखाली संशोधन करत होती. कृष्णवेणीबाईंच्या मते या तीन वर्षांत तीन चांगली स्थळं हातची गेली. तुळसीच्या मते गेली ते बरं झालं.

विशालाक्षीबाईंच्या विभागानं एक साधा प्रश्न घेतला होता. सरकारच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं, की राज्यातल्या गावोगावच्या सार्वजनिक विहिरी आता सर्व जातींना खुल्या झाल्या. खरंच झाल्या का? हे बघायला विभागाची माणसं साठ गावांत गेली. पहाटे विहिरीशी जाऊन बसायचं आणि पाणी कोण काढतं ते मोजायचं. साठांपैकी एकेचाळीस गावांत चेरीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहत, आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओती. अहवाल जानेवारीत छापून आला आणि आग लागली. कारण विद्यापीठ चालत होतं सरकारच्या अनुदानावर. सरकारचेच पैसे घेऊन सरकारलाच खोटं पाडता काय, असं बरीच मंडळी विचारू लागली.

शिक्षणखात्याच्या खर्चाच्या मागणीवर चर्चा व्हायची होती, तिच्यात एका अपक्ष सभासदानं कपात सूचना, म्हणजे खर्चाला कात्री लावायची सूचना, दिली. हा मोठा जमीनदार. त्याच्या तालुक्यातल्या नऊ विहिरी त्या एकेचाळिसांत होत्या. त्याचं म्हणणं, अहवाल मागे घेईपर्यंत त्या विभागाचं अनुदान बंद ठेवा. तुळसीची शिष्यवृत्ती त्याच अनुदानातून येत होती आणि तिचा प्रबंध त्याच अहवालावर उभा होता. प्रबंधासाठी अहवालाबाहेरची आणखी सात गावं मोजायची राहिली होती. अनुदान गेलं की गावं गेली, आणि अहवाल मागे घेतला की तीन वर्षांचं काम रद्दी.

चर्चेच्या दिवशी सकाळी तुळसीनं कॉफीचा टंबलर वडिलांच्या हातात दिला आणि दार अडवून उभी राहिली.

"अप्पा, आज आमचंच येतें की सभेंत. तुमची पाळी केम्हा?"

"पाळी येईल तेम्हा येईल. मज काय तेचं?"

"मंत्री काय बोलले म्हणून संध्याकाळीं सांगाल काय?"

"अग, मी काय ऐकतों? मी लिहितों."

"काशाला छळत्येस तेंना?" कृष्णवेणीबाई आतून म्हणाल्या. "तेंना घरांत बोललेलं ऐकूं येत नाहीं, सभेंतलं कोठलं येतें?"

खरं म्हणजे त्या दिवशी सेतुमाधवरावांनी कामावर जाताच एक गोष्ट करायला हवी होती. आपल्या घरातल्या माणसाचा विषय असेल तर रिपोर्टरनं वरिष्ठांना सांगून पाळी दुसऱ्याला द्यायची, अशी तिथली जुनी रीत होती. वरिष्ठ रिपोर्टर राममूर्ती भला माणूस; त्यानं एका शब्दात पाळी बदलून दिली असती. पण सेतुमाधवराव बोलले नाहीत. लिहिणाऱ्या बोटांना मुलगी नसते, असं त्यांना वाटलं. हा गर्वच, दुसरं काय.

चर्चा दुपारी सुरू झाली. जमीनदार सभासद चांगला अर्धा तास बोलला, आणि वाईट बोलला असं म्हणता येणार नाही. "हे पैसे कुणाचे?" त्यानं विचारलं. "शेतसारा भरणाऱ्या माणसाचे. त्याच्या पैशांनी चार मुलंमुली त्याच्या गावात येतात, त्याच्या विहिरीवर पाळत ठेवतात आणि त्याचीच अब्रू छापून काढतात. विद्यापीठाला स्वातंत्र्य हवं ना? मग स्वतःच्या पायावर उभं राहा म्हणावं. खायचं आमचं आणि नावंही आम्हालाच ठेवायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं?" बाकं चांगलीच वाजली.

मग गुरुमूर्ती नावाचे विरोधी पक्षाचे म्हातारे सभासद उठले. चाळीस वर्षं हेडमास्तरकी केलेली, त्यामुळे सगळं सभागृह त्यांना चौथीच्या वर्गासारखं दिसे. त्यांनी आधी सगळे गप्प होईपर्यंत वाट पाहिली. "न्यायाधीशाला पगार कोण देतं?" ते म्हणाले. "सरकार देतं. म्हणून त्यानं सरकारच्या बाजूनंच निकाल द्यावा, असं आजवर या सभागृहात कुणी म्हणालं नाही. आपण डॉक्टरला फी देतो ती ताप मोजायला देतो. ताप नाही असं सांगायला देत नाही. विद्यापीठानं आपल्याला हवं तेच सांगायचं असेल तर विद्यापीठ कशाला हवं? भाट ठेवा. स्वस्त पडतील." या वेळी समोरची बाकंही थोडी हसली.

हे सगळं सेतुमाधवरावांच्या पाळीत नव्हतं. त्यांची पाळी आली ती चार वाजून दहा मिनिटांनी, आणि नेमके तेव्हाच शिक्षणमंत्री उत्तराला उभे राहिले.

मंत्री सावकाश, नीट इंग्रजीत बोलत. लिहायला सोपा माणूस. पहिली सहा मिनिटं आकडेवारीत गेली आणि सेतुमाधवरावांची पेन्सिल पाण्यात सोडलेल्या होडीसारखी चालली. मग मंत्र्यांनी कागदांच्या ढिगाखालून एक निळं पुस्तक काढलं.

"हा अहवाल मी वाचला," ते म्हणाले. "त्याच्यावर बोलणाऱ्या किती जणांनी वाचला ते मी विचारत नाही. याच्या परिशिष्टात एका गावाची हकिगत आहे. विहिरीशी बसलेल्या संशोधक मुलीला गावानं ऊठ म्हणून सांगितलं. ती उठली नाही. पाणी बंद केलं, बसायची ओसरी बंद केली. ती तीन दिवस उन्हात बसून राहिली आणि तिसऱ्या दिवशी चेरीतल्या एका बाईनं ओंजळीत पाणी आणून तिला पाजलं. त्या मुलीनं तक्त्यात लिहिलंय, या गावात पाणी मिळालेल्या बाहेरच्या व्यक्ती, एक."

पेन्सिल थांबली.

अशी तीन दिवस विहिरीशी बसून आलेली होती ती तुळसीच. घरी तिनं सांगितलं होतं, की गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांच्या घरी उतरले, त्यांची बायको फार प्रेमळ, जेवण सुरेख. तीन दिवसांनी ती काळवंडून परत आली तेव्हा कृष्णवेणीबाई रंग उतरला म्हणून चिडल्या होत्या आणि सेतुमाधवराव पेपर वाचत होते. आता त्या गर्दीच्या सभागृहात, बारा वर्षांत पहिल्यांदा, ते मान वर करून बोलणाऱ्याकडे बघू लागले आणि ऐकू लागले. मंत्री पुढे म्हणाले, "अनुदान दिलं जाईल. त्याला अट नसेल. आकडे चुकले असं कुणाला वाटत असेल तर त्यानं जाऊन मोजावं. मोजणीला उत्तर मोजणीनंच द्यायचं असतं, तिजोरीला कुलूप लावून नव्हे." पहिल्या वाक्यालाच जमीनदार सभासद आणि त्याच्या भोवतीचे उठून उभे राहिले होते. पुढचं सगळं त्या कल्लोळात गेलं. पण मंत्र्यांपासून आठ फुटांवर बसलेल्या सेतुमाधवरावांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं, आणि त्यांनी त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही.

वर टाइप करायला बसल्यावर त्यांना ते दिसलं. तक्त्यातल्या त्या एकापर्यंत सगळं होतं. नंतर थेट अध्यक्षांचं "शांतता राखा". मध्ये साडेतीन ओळी भरतील एवढं काहीच नव्हतं. खाली काय बोललं गेलं ते त्यांना तोंडपाठ होतं, फक्त ते वहीत नव्हतं. पानं न्यायला आलेल्या शिपायाला त्यांनी "हे पान सकाळी देतो" असं सांगितलं आणि वही पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीनं मांबलमला आले.

तुळसी पुढच्या खोलीत तक्ते पसरून बसली होती. तिनं विचारलं नाही. तिच्या वाट पाहण्यात इतका धीर होता की सेतुमाधवरावांना तो सोसेना. ते शेजारी चटईवर बसले.

"ते गांवांत तुला पाणी दिल्हें नाहीं म्हणून मज काशाला सांगटलीस नाहीं?" त्यांनी विचारलं.

तुळसीनं मान वर केली. "कोण सांगटलें?"

"कोण्ही असो. काशाला सांगटलीस नाहीं?"

"सांगटलें असतें तर अम्मा पुन्हा जाऊं दिल्ही असती काय? तुम्ही तरी?"

सेतुमाधवरावांनी उगाच एक तक्ता उचलला. साठ गावं, साठ ओळी, आणि मधूनमधून आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ.

"हें काय?"

"ते दिवशीं मी नव्हत्यें. पाऊस आला, नाहीं तर बस चुकली. विचारून भरतां आलें असतें, गांवचे लोक सांगटलेही. मीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं म्हणून रेघ ओढत्यें."

"इतक्या रेघा दिसल्या तर लोक हंसतील की."

"हंसोत. एक जागा मनानें भरली म्हणून कळलें, तर बाकीचे आकडे कोण खरे मानील, अप्पा?"

ती हे सहज बोलली आणि पुन्हा कामाला लागली. सेतुमाधवराव मात्र चटईवरच बसून राहिले. घरी येताना गाडीत त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. साडेतीन ओळी आठवणीतून लिहायच्या. खोटं तर काहीच नव्हतं, जे बोललं गेलं तेच. कुणाला कळणार होतं? कळलं असतं ते एकालाच, आणि तो रोज सकाळी आरशात दिसतो. आता त्यांना दुसरंही दिसायला लागलं. उद्या कुणी त्या वाक्यांवर वाद घातला, वही मागवली, आणि वहीत ती सापडली नाहीत, तर लोक काय म्हणतील? रिपोर्टरनं मुलीच्या अनुदानाचं आश्वासन घरी बसून रचलं. मग मंत्र्यांचा शब्दही बुडाला आणि तुळसीच्या साठ गावांचे आकडेही. त्या रात्री ते जेवले, पण काय जेवले ते त्यांना विचारू नका.

दुसऱ्या दिवशी गाडीत एका पेपरात मथळा होता, "अनुदानाला अट नाही." दुसऱ्यात होता, "अनुदानाबाबत मंत्री विचार करणार." दोन्ही वार्ताहर वर सज्जात, कल्लोळात बसलेले, ज्यानं त्यानं आपल्या मनाजोगं ऐकलं होतं. वित्तखात्याला पेपर चालत नाही. तिथे सभागृहाची छापील कार्यवाहीच लागते.

राममूर्तीच्या टेबलावर सेतुमाधवरावांनी पान ठेवलं. मध्ये साडेतीन ओळी टिंबं होती. राममूर्तीनं चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"गोंधळ फार होता," तो म्हणाला. "ऐकू आलं नाही असं लिही. कुणी दोष देणार नाही."

"ऐकू आलं," सेतुमाधवराव म्हणाले. "लिहिलं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी, अहवाल, पाळी बदलून घ्यायला हवी होती ते, आणि का घेतली नाही तेही. राममूर्तीनं पान पुन्हा एकदा वाचलं. "सेतू, हे मला तुझ्या सेवापुस्तकात लिहावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "लिही," सेतुमाधवराव म्हणाले. नियमानं अशी कोरी जागा ज्याचं भाषण त्यानंच स्वतःच्या हातानं भरून खाली सही करायची असते. म्हणून पान घेऊन सेतुमाधवरावांनाच मंत्र्यांच्या खोलीत जावं लागलं.

खोलीत मंत्री आणि त्यांचे सचिव दोघेच होते. सचिव हुशार माणूस. पान पाहताच त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. "हे फार बरं झालं, सर," ते म्हणाले. "सकाळपासून पक्षातल्या अकरा जणांचे फोन आलेत. जागा कोरीच आहे. 'सरकार योग्य तो विचार करील' एवढं घालू. कुणालाच काही म्हणता येणार नाही."

मंत्र्यांनी सेतुमाधवरावांकडे पाहिलं. "तुम्ही तिथेच होतात. मी काय बोललो?"

सेतुमाधवरावांच्या जिभेवर ती चारही वाक्यं आली. एवढंच तर करायचं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. त्यांनी मान हलवली.

"वहीत नाही, सर. जे वहीत नाही ते मी सांगू शकत नाही. आणखी एक सांगायचं आहे. परिशिष्टातली ती विहिरीवरची मुलगी माझी मुलगी. मी ती पाळी घ्यायला नको होती."

सचिवांनी भुवया उंचावल्या. मंत्री खुर्चीत मागे रेलले.

"आजवर माझी इतकी रटाळ भाषणं लिहिलीत, तेव्हा पेन्सिल थांबली नाही. कालच कशी थांबली?"

"तिला पाणी मिळालं नव्हतं हे मला ठाऊक नव्हतं," सेतुमाधवराव म्हणाले. "घरी तिनं सांगितलं होतं, की फार चांगली सोय झाली."

मंत्री हसले नाहीत. खिडकीबाहेर किल्ल्याच्या भिंतीपलीकडे बंदरातल्या बोटीचा भोंगा वाजला, तो संपेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी पेन उघडलं आणि लिहायला लागले. सचिव खाकरले. मंत्र्यांचं पेन थोडं अडलं आणि पुढे गेलं. लिहून, सही करून त्यांनी पान सेतुमाधवरावांकडे सरकवलं. त्यावर होतं, "यंदाचं अनुदान दिलं जाईल. त्याला अट नसेल. आकडे चुकले असं ज्याला वाटतं त्यानं जाऊन मोजावं. मोजणीला उत्तर मोजणीनंच द्यायचं असतं." कुलूप गेलं होतं, आणि काल नसलेलं 'यंदाचं' आत आलं होतं. सेतुमाधवरावांना दोन्ही दिसलं. एका वर्षानं हा वाद पुन्हा उभा राहणार, पुन्हा बाकं वाजणार, हेही दिसलं. पण एक वर्षात सात गावं मोजून होतात आणि प्रबंध देऊनही होतो. त्यांनी नमस्कार केला आणि निघाले.

छापील कार्यवाही बाहेर पडेपर्यंत त्यातलं काही बोलायचं नाही, हाही नियमच. त्याला तीन आठवडे लागायचे. संध्याकाळी घरी त्यांनी तुळसीला आपली चूक तेवढी सांगितली. कोरी जागा राहिली, मंत्र्यांनी ती भरली.

"काय भरले?" तुळसीनं विचारलं.

"छापून येईल तेम्हा वाच."

"अप्पा, माझीं तीन वर्षें आहेंत तेच्यांत."

"ठाऊक आहे, कण्णा," ते तमिळमधल्या लाडानं म्हणाले. "तरी सांगतां येत नाहीं."

तिचे डोळे भरून आले. ती रागानं आत गेली आणि कृष्णवेणीबाईंनी नवऱ्याला जे ऐकवायचं ते तासभर ऐकवलं. सेतुमाधवरावांनी ते सगळं ऐकलं. आपल्याला माहीत असलेलं सुख पोटच्या मुलीला सांगता येत नाही, यासारखी शिक्षा नाही. सेवापुस्तकातली नोंद त्यापुढे काहीच नव्हे. घटकेनं तुळसी बाहेर आली. तिच्या हातात वह्यांची पिशवी होती.

"मीं आत विचार केला," ती म्हणाली. "अनुदान मिळो, नाहीं तर न मिळो. सात गांवें मोजायचींच. मजजवळ शिकवणीचे पैसे आहेंत. उद्यां एन्नोरला जात्यें, तिकडचीं दोन होतील."

आता मात्र सेतुमाधवरावांना बोलल्यावाचून राहवेना; आणि ते जे बोलले त्याला कुठलाच नियम आड येत नव्हता.

"मीही येतों," ते म्हणाले. "दोन दिवस रजा काढतों. पाणी घेऊन येतों."

मद्रासच्या उत्तरेला एन्नोरच्या अलीकडे एक गाव होतं, त्याची कोळ्यांची वस्ती खाडीच्या बाजूला आणि चेरी रुळांच्या बाजूला. सार्वजनिक विहीर मधोमध, नवी, सिमेंटची, कठड्यावर सरकारी पाटी. पहाटे साडेपाचला बापलेक तिथे जाऊन बसले. वारा खारट होता आणि सेतुमाधवरावांनी मफलर कानावर घट्ट बांधला होता. गावातल्या बायका येऊन पाणी काढून गेल्या. चेरीच्या बाजूला पाच-सहा बायका घागरी टेकून उभ्या होत्या, पुढे येत नव्हत्या. तुळसीनं वहीत त्यांची संख्या लिहिली.

त्यांच्यातली एक म्हातारी घागर तिथेच ठेवून या दोघांकडे आली आणि चार हातांवर थांबली. तिनं तुळसीकडे पाहिलं, मग सेतुमाधवरावांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.

"सरकारी माणूस ना हा?" तिनं तमिळमध्ये तुळसीला विचारलं. "गेल्या पावसाळ्यात असाच एक आला होता. सगळ्यांना पाणी मिळतं म्हण, असं सांगून अंगठा घेऊन गेला. आम्ही सरकारी माणसाला आता काही सांगत नाही."

तुळसीच्या बापाचा पगार सरकारी, तिची स्वतःची शिष्यवृत्तीही सरकारच्याच पैशांची. सेतुमाधवराव उठून उभे राहिले.

"हो, मी सरकारी माणूस आहे, आई," ते म्हणाले. "आज रजेवर आहे. ही सरकारी नाही. हिचे पैसे सरकार देतं, पण हिनं काय लिहायचं ते सरकार सांगत नाही. मीही सांगत नाही. तू सांगशील आणि हिला दिसेल, तेवढंच ही लिहिते."

म्हातारीनं हे ऐकून घेतलं. तुळसीच्या वहीकडे बराच वेळ बघत राहिली. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली. मग मागे वळून तिनं लांब उभ्या असलेल्या बायकांना हाक मारली आणि स्वतः तुळसीसमोर वाळूत मांडी घालून बसली.

"मग लिही," ती म्हणाली. "माझं नाव आधी लिही. अंगठा घेणाऱ्यानं तेसुद्धा विचारलं नव्हतं."